‘पोबारा’ नेमका कुणाचा? मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक, गुन्हेवार्ता पाहणारे बातमीदार आणि रात्रपाळीचे उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द ‘पोबारा’. तुमच्या पानांवर तो रोज कुठे ना कुठे असतोच. सोनसाखळी हिसकावून दुचाकीस्वारांचा पोबारा. भिशीचे पैसे घेऊन दांपत्याचा पोबारा. अपघातानंतर चालकाचा पोबारा. बालगृहातून मुलांचा पोबारा. करोनाच्या काळात विलगीकरण कक्षातून रुग्णाचा पोबारा. यातल्या पहिल्या दोन मथळ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते चोख आहेत. पुढच्या तिन्हींबद्दल मात्र आहे.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आमच्या मुलांना परीक्षेत असतो. त्याची तयारी पाठ्यपुस्तकापेक्षा वर्तमानपत्रातून चांगली होते, असं माझं मत आहे आणि म्हणून वर्गात रोज एक तरी अंक वाचला जातो. मुलं शब्दाचा अर्थ शब्दकोशातून फार कमी घेतात. तो शब्द कुणाच्या नावापुढे आला, हे बघून ती अर्थ ठरवतात. म्हणजे त्यांना शब्दांचे अर्थ शिकवण्यात माझ्याइतकाच तुमचाही वाटा आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

पोबारा हा फाशांच्या खेळातून आलेला शब्द. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक असं दान पडलं की ते पोबारा. पो म्हणजे एक, आणि दोन सहांचे बारा. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे आजही नशीब फळफळणं. मराठीत मात्र हा शब्द पळण्याकडे वळला. का वळला असेल, याचा माझा तर्क असा की, असं दान पडलं की सोंगटी एका दमात तेरा घरं पुढे निघून जाते आणि मागच्याच्या तावडीत सापडत नाही. तर्क बाजूला ठेवला तरी शब्दाच्या वापरात त्या दानाची खूण शिल्लक आहे. पोबारा करणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलेलं असतं, निदान त्याचा डाव तरी साधलेला असतो. त्याने चलाखी केलेली असते. ज्याने त्याला धरायचं त्याची फजिती झालेली असते. कुत्रं मागे लागल्यावर पोरांनी पोबारा केला असंही आपण म्हणतो, पण ते सांगताना सांगणारा हसत असतो आणि पोरं सुखरूप असतात. हसू आणि लबाडी या दोन्ही गोष्टी त्या शब्दात मुरलेल्या आहेत. त्यातल्या किमान एकीला जागा नसेल तिथे तो शब्द बसत नाही.

आणि मराठीत पळण्यासाठी एवढा एकच शब्द आहे, असं थोडंच आहे? बैठकीत वर्गणीचा विषय निघाला की माणूस काढता पाय घेतो. खोडी काढून पोरगं सूंबाल्या करतं. नाक्यावरची तरुण मुलं कलटी मारतात. हरीण धूम ठोकतं. दुकान चाललं नाही की व्यापारी गाशा गुंडाळतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं आच्छादन, मुक्काम हलवायचा तर ते गुंडाळायचं. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन आरोपी पळतो. कुणाच्या पकडीतून माणूस निसटतो. आग लागली की लोक जीव मुठीत धरून पळतात, चेंगराचेंगरीत वाट फुटेल तिकडे पळतात. आणि दुष्काळ, लुटालूट, सारावसुली यांना कंटाळून गावं सोडून गेलेल्या रयतेसाठी जुन्या कागदपत्रांत जो शब्द येतो, तो ‘परागंदा’. त्या शब्दात गेलेल्या माणसाची नालस्ती नाही. उजाड झालेलं गाव डोळ्यांसमोर येतं आणि ते कुणामुळे उजाड झालं, हाही प्रश्न येतो. इतकी बारीक वर्गवारी आपल्या लोकांनी बोलता बोलता करून ठेवली आहे. प्रत्येक शब्दात पळणाऱ्याच्या मनात काय होतं आणि पाहणाऱ्याने त्याचा काय न्याय केला, हे दोन्ही आहे.

हा न्याय किती टिकाऊ असतो ते आपल्याच इतिहासात दिसतं. 17 ऑगस्ट 1666 रोजी शिवाजी महाराज आग्र्यातून निघाले. पहाऱ्याला चकवून, वेश बदलून, रातोरात निघाले. घटनेचे तपशील पाहिले तर पोबारा शब्दाला लागणारी चलाखी आणि पहारेकऱ्यांची फजिती, दोन्ही तिथे आहेत. तरी मराठी माणूस त्याला ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो, दुसरं काही म्हणत नाही. कारण कैद अन्यायाची होती, हा निर्णय त्या एका शब्दात आहे. याउलट दुसरा बाजीराव. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर त्याची जी पळापळ सुरू झाली ती जून 1818 मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत थांबली नाही. मधे फेब्रुवारीत आष्टीला त्याचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि पेशवा निघून गेला. लोकांनी त्याच्या नावाआधी ‘पळपुटा’ लावलं. त्याच्या कारकिर्दीचं दुसरं काहीही आज सामान्य माणसाला सांगता येत नाही, पण ते विशेषण दोनशे वर्षांनंतरही सुटलेलं नाही. जाण्याच्या क्रियेला दिलेला शब्द माणसाला असा चिकटतो. पेशव्याला चिकटतो, तसा टेम्पोचालकालाही.

टेम्पोचालकाचं मुद्दाम सांगते. आमच्या तालुक्यात भल्या पहाटे बाजार समितीकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेल्या एका छोट्या टेम्पोची आणि आडरस्त्याने आलेल्या मोटारसायकलीची धडक झाली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. टेम्पोवाला खाली उतरला, त्याने 108 ला फोन लावला. तेवढ्यात शेजारच्या चहाच्या टपरीवरून चार-सहा जण धावत आले, त्यातल्या एकाच्या हातात दांडकं होतं. ‘तू थांबू नकोस, चौकीत जा, आम्ही याच्याजवळ थांबतो,’ असं तिथल्याच एका वयस्कर माणसाने त्याला सांगितलं. फुटलेल्या हेडलाइटसह तो टेम्पो घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेला, गाडी आवारात लावली आणि ठाणे अंमलदाराला घडलेलं सांगून बाकावर बसून राहिला. दुपारपर्यंत तिथेच होता. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात एक कॉलमी मथळा आला: ‘दुचाकीला धडक, टेम्पोचालकाचा पोबारा’. रस्त्यावरच्या साक्षीदाराने दिलेल्या फिर्यादीची प्रत मी नंतर पाहिली. तिच्यात शब्द होते, ‘टेम्पो घेऊन निघून गेला’. साक्षीदाराने जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं होतं. ‘निघून गेला’चा ‘पोबारा’ झाला तो छापखान्याच्या वाटेवर.

त्या चालकाची मुलगी माझ्या वर्गात आहे. बातमीत वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही होतं. मधल्या सुट्टीत पोरांनी तिला हाक मारायला तोच शब्द घेतला. मी तो बंद केला, पण पोरांना रागावून काय उपयोग, त्यांनी शब्द अचूक उचलला होता. लबाडी करून सटकलेला माणूस, हाच त्यांना त्याचा अर्थ कळला होता आणि तोच खरा अर्थ आहे. अर्थाबाबत त्यांची चूक नव्हती.

अपघाताच्या बातम्यांत ‘पोबारा’ दोन्ही बाजूंनी अन्याय करतो, हे मला आवर्जून सांगायचं आहे. चालक जमावाला भिऊन पोलिसांकडे गेला असेल तर हा शब्द त्याला लबाड ठरवतो. आणि चालक खरोखरच जखमीला रक्ताच्या थारोळ्यात टाकून स्वतःची कातडी वाचवायला गेला असेल, तर हा शब्द फार हलका आहे. ज्या घरातला माणूस रस्त्यावर तडफडून गेला, त्या घरातल्या माणसांनी सकाळी हसऱ्या तोंडाचा शब्द वाचायचा, हे मला सहन होत नाही. तिथे ‘जखमीला रस्त्यावर टाकून गेला’ असं लिहा. चार शब्द जास्त लागतील, पण गुन्हा काय आहे ते त्यात पूर्ण दिसेल. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने ‘सुवर्ण तास’ अशी संज्ञा आली आहे, म्हणजे जबर दुखापतीनंतरचा पहिला तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. चालकाने मदत न करता निघून जाणं म्हणजे त्या तासातून मिनिटं हिरावून घेणं. याला सोंगट्यांच्या दानाचं नाव कसं द्यायचं?

कायद्याने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य सांगितलं आहे, आणि तिथेच अपवादही लिहिला आहे: जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर. म्हणजे दांडकं घेऊन धावत येणारी माणसं कायदा करणाऱ्यांना दिसत होती. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये दुसरं पोटकलम आलं. निष्काळजी वाहन चालवून मृत्यूला कारण झालेला चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर 10 वर्षांपर्यंत कैद. त्याविरुद्ध जानेवारी 2024 च्या सुरुवातीला देशभर ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून निघणारे इंधनाचे टँकर थांबले आणि आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे तुम्हीच छापलं होतं. चालकांचं म्हणणं एका ओळीचं होतं: थांबलो तर लोक मारतात, गेलो तर कायदा. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. त्या पोटकलमाबद्दल कुणाचं काही मत असो, वादाचा कणा एवढाच होता की चालक ‘गेला’ की ‘न कळवता पळाला’. जो प्रश्न सरकार आणि लाखो चालक यांच्यात अडला, त्याचा निकाल रात्री अकरा वाजता एका मथळ्यात लागून जातो.

मथळ्याची अडचण मला कळते. एका कॉलमात मावणारा, जोरकस आणि वाचकाला लगेच कळणारा शब्द हवा असतो. पोबारा तीन अक्षरांत बसतो. पण ‘पसार’ही तीन अक्षरांचाच आहे आणि त्यात हसू नाही. ‘चालक पोलिसांत हजर’ किंवा ‘चालकाचा शोध सुरू’ यांत जास्त माहिती आहे. आणि अपघाताच्या बातमीत माहितीच महत्त्वाची आहे. गाडीचा क्रमांक कळला की नाही, ही त्या कुटुंबासाठी सर्वांत मोठी गोष्ट असते. गाडी कळली तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. गाडी कळलीच नाही तर केंद्राची वेगळी योजना आहे. 1 एप्रिल 2022 पासून तिच्यात मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. त्याआधी हे आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. कितीतरी घरांना ही योजना ठाऊकच नसते. पोबारा लिहिण्याऐवजी ‘वाहनाचा क्रमांक अद्याप कळलेला नाही’ असं लिहिलंत, तर गावातला एखादा जाणता माणूस त्या घराला वाट दाखवू शकेल.

‘फरार’ या शब्दाबद्दलही थोडं. पोलिसांना माणूस सापडला नाही की तो लगेच फरार होतो, असं आता झालं आहे. न्यायालयाने एखाद्याला फरारी म्हणून जाहीर करायची एक रीत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 प्रमाणे उद्घोषणा निघते आणि हजर व्हायला किमान 30 दिवसांची मुदत द्यावी लागते. 2018 च्या कायद्यानुसार 100 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणात ‘फरार आर्थिक गुन्हेगार’ ठरवायचं तेही विशेष न्यायालयाने. तोवर तो माणूस सापडलेला नाही, एवढंच खरं असतं.

आता ऊसतोडीच्या बातम्या. ‘उचल घेऊन मजुरांचा पोबारा’ हा मथळा हंगामाच्या तोंडावर दर वर्षी येतो. यात फसवणूक होते, हे मी नाकारत नाही. वाहतूकदार शेतकरी कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये देतात, टोळी येतच नाही आणि तो शेतकरी देशोधडीला लागतो. उचल घेऊन मुकादमच गायब झाला तर त्याला पोबारा म्हणा, अगदी मोठ्या टायपात म्हणा. पण बीडच्या वस्तीतून निघालेलं एक कोयता, म्हणजे एक नवरा-बायको, मारहाणीला किंवा न फिटणाऱ्या हिशेबाला कंटाळून फडावरून मध्यरात्री लेकरं घेऊन निघतं, तेव्हा तोच शब्द त्यांना कसा लागेल? त्यांच्या हाती काय लागलं? कर्जापोटी माणसाला राबवून घेणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तसं राबवून घेतलं जात असेल तर तिथून निघालेल्या माणसाची सुटका झालेली असते. आग्र्यासाठी जो शब्द आपण राखून ठेवला, तो या माणसांनाही देता येतो. ते पळाले की सुटले, हे ठरवायला बातमीदाराने मुकादमाबरोबर मजुरालाही एक फोन करायला हवा. बहुतेक बातम्यांत मजुराचं एकही वाक्य नसतं.

मुलींबद्दल मी फार बोलणार नाही, कारण बोलायला लागले तर हे पत्र संपणार नाही. वीस-बावीस वर्षांची मुलगी स्वतःच्या पसंतीने लग्न करायला घराबाहेर पडते, आणि बातमीत ती ‘प्रियकरासोबत पोबारा’ करते. सज्ञान व्यक्तींनी आपला जोडीदार निवडणं हा त्यांचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या लता सिंग प्रकरणात आणि 2018 च्या शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. चोराला लावायचा शब्द तिला लावला की तिने घरातलं काहीतरी चोरलं, असा अर्थ आपोआप होतो. तिने कुणाचं काय नेलं? घरची इज्जत नेली, असं म्हणणारी माणसं आहेत आणि त्यातल्या काहींनी हातात हत्यारही घेतलं आहे. त्यांच्या मताला तुमच्या मथळ्याने दुजोरा मिळू नये.

बालगृहातल्या मुलांचं तसंच. 2015 च्या बाल न्याय कायद्यात एक तत्त्व नोंदवलेलं आहे की मुलांच्या बाबतीत आरोप करणारे, डाग लावणारे शब्द वापरू नयेत. ते त्या कायद्याखालच्या कामकाजासाठी आहे हे खरं, पण ते तत्त्व वृत्तपत्राने आपणहून पाळायला कुणाची हरकत आहे? दहा-बारा वर्षांची मुलं रात्री भिंत चढून गेली, तर भिंतीच्या आत काय होतं हा पहिला प्रश्न. पोबारा शब्द वापरला की तो प्रश्नच उरत नाही. मुलं खोडकर होती, गेली, झालं.

माझी मागणी शब्दावर बंदी घालण्याची मुळीच नाही. उलट पोबारा मला प्रिय आहे. तो बोथट होऊ नये म्हणून तर एवढं लिहिते आहे. बँकेची रोकड घेऊन गेलेला, गुंतवणूकदारांचे पैसे बुडवून रातोरात कार्यालयाला कुलूप लावणारा, वृद्धेच्या गळ्यातलं मंगळसूत्र तोडून नेणारा, या सगळ्यांसाठी तो वापरा. त्या माणसांची लबाडी दाखवायला याहून चांगला शब्द माझ्या माहितीत नाही. मात्र जो भिऊन पळाला, जो जाचातून निघाला, जो स्वतःच्या हक्काने गेला, आणि ज्याच्याबद्दल अजून काही कळलेलंच नाही, त्याला हा शब्द लावू नका. तुमच्यातल्या अनेक दैनिकांकडे शुद्धलेखनाची आणि शब्दांची स्वतःची पुस्तिका असते, नव्या उपसंपादकाला ती पहिल्या आठवड्यात देतात. तिच्यात पळण्याच्या क्रियापदांसाठी एक पान घाला. अशा पानासाठी शब्द आणि वाक्यं निवडून द्यायला माझ्यासारखे अनेक शिक्षक आनंदाने तयार होतील.

आणखी एक. ज्याच्याबद्दल पोबारा छापला तो माणूस त्याच वेळी पोलीस ठाण्यात होता, असं नंतर निष्पन्न झालं, तर तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, त्याच टायपात दुरुस्ती छापा. आमच्या तालुक्यातल्या त्या चालकाने दैनिकाच्या स्थानिक कार्यालयात दोनदा चकरा मारल्या. त्याला आतल्या पानावर, निविदा सूचनेखाली, दोन ओळींचा खुलासा मिळाला आणि त्यात त्याचं नाव चुकलेलं होतं. खुलासा कसा छापायचा, याचा निर्णय तुमच्या हातात आहे आणि त्याला ना कायद्याची दुरुस्ती लागते ना कुणाची परवानगी. तो या महिन्यापासून घ्या, ही विनंती.

आपली,
मराठीची एक शिक्षिका